बिजागरीतली तार

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. किती जुना, तर दुरुस्तीच्या दुकानात मला पालथं घालून पाठीवरची चिठ्ठी वाचतात आणि "अरे बापरे!" म्हणतात. पण माझं वय सांगायला मी तुमच्यासमोर आलेलो नाही. माझ्यामुळे एका माणसाने बोलणं सोडून दिलं होतं. त्या दिवसांची हकिकत मला सांगायची आहे.

माझा जन्म पांढऱ्याशुभ्र दिव्यांच्या एका लांबलचक कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या माणसांनी माझे भाग जुळवले. पडदा आणि कळफलक यांच्यामध्ये दोन बिजागऱ्या बसवल्या. त्यातल्या एका बिजागरीच्या पोटातून त्यांनी एक बारीक तार वर पडद्याच्या कडेपर्यंत नेली. हवेतून येणारे वाय-फायचे संदेश पकडायचे, हे त्या तारेचं काम. तिला कोणी कधी शाबासकी देत नाही. ती नीट चालते तोवर ती आहे हेसुद्धा कोणाला ठाऊक नसतं.

मला एका मुलीने विकत घेतलं. ती घरांचे नकाशे काढायला शिकत होती. मित्रांनो, ती माझी उमेदीची वर्षं! भिंती, जिने, खिडक्या, सगळं तिने माझ्यावर काढलं. "माझा लॅपटॉप म्हणजे माझा उजवा हात," असं ती मैत्रिणींना सांगायची. मी अगदी फुलून जायचो. तिची एकच खोड होती. एका हातात चहाचा कप असल्यामुळे दुसऱ्या हाताने ती माझं झाकण एका कोपऱ्याला धरून उघडायची. झाकण पिळवटायचं, बिजागरी कुरकुरायची. पण तक्रार करायला मला तोंड कुठे होतं?

पुढे तिला नोकरी लागली. कचेरीने नवा, चकचकीत लॅपटॉप दिला. मी कपाटात जास्तीच्या उशांखाली गेलो. गरज सरो, वैद्य मरो, असं मी म्हणणार नाही. पण अंधारात पडून राहिलेल्याला वेळ खायला उठतो, एवढं खरं.

मला पुन्हा बाहेर काढलं ते तिच्या बाबांसाठी.

बाबा न्यायालयात नावं पुकारायचे. खटल्याची पाळी आली की दारात उभं राहून ते अशी हाक द्यायचे की आवाराबाहेर बाकावर पेंगणारा माणूससुद्धा दचकून धावत यायचा. गल्लीत सगळे त्यांना 'भोंगाकाका' म्हणत, आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून वस्तरा गळून पडला. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली होती. दवाखान्यात त्यांचा जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. त्यांना समजत सगळं होतं. शब्द मात्र ओठांपर्यंत येत नव्हते. घर एकदम गप्प झालं.

बोलणं पुन्हा शिकवणाऱ्या एक बाई होत्या, पण त्या दुसऱ्या शहरात राहायच्या. त्या म्हणाल्या, "व्हिडिओवरून शिकवीन. फक्त पडदा मोठा हवा. काकांना माझे ओठ स्पष्ट दिसले पाहिजेत." मोबाइलचा पडदा पुरणार नव्हता. मुलीचा नवा लॅपटॉप दिवसभर तिच्याबरोबर कचेरीत. मग आईने उशा बाजूला केल्या आणि मला पदराने पुसलं.

पहिल्या तासाला मुलगी सुट्टी काढून घरी थांबली. तिने मला टेबलावर ठेवलं. बाई म्हणाल्या, "घाई अजिबात नाही, काका. माझ्याकडे बघा. दा... र." बाबांचा चेहरा लालबुंद झाला. मान ताठ झाली. आणि घशातून आवाज आला, "दा." आईने तोंडाला पदर लावला. मला वाटलं, माझ्या आयुष्याचं सार्थक झालं.

पण पुढच्या तासापासून बाबा खिडकीजवळच्या आरामखुर्चीत बसू लागले. मला त्यांच्यासमोर बुटक्या स्टुलावर ठेवत. तास सुरू झाला. बाबांनी सगळा जीव एकवटून "दा" म्हटलं, आणि त्याच क्षणी माझं वाय-फाय तुटलं. बाईंचा चेहरा पडद्यावर जिथल्या तिथे थिजला. ओठ अर्धवट उघडे, भुवया वर चढलेल्या. कोणी आपल्याकडे चमत्कारिक नजरेने बघावं ना, तसा तो चेहरा दिसत होता. बाबा त्याच्याकडे बघत राहिले. मग मान खाली घातली.

असं एकदा नाही, पुन्हा पुन्हा झालं. कधी चित्र थिजायचं, कधी बाईंचा आवाज तुकड्यातुकड्यांनी यायचा, कधी पडदा नुसताच काळा व्हायचा.

मुलीने कंबर कसली. राउटर म्हणजे घरभर वाय-फाय सोडणारी ती दिव्यांची डबी. ती तिने बंद करून पुन्हा चालू केली. फ्रिजच्या मागे होती, तिथून काढून दाराच्या चौकटीवर ठेवली. मला घरच्या वाय-फायचा विसर पाडला आणि पासवर्ड नव्याने शिकवला. वीज वाचवण्यासाठी मी मधूनच वाय-फायला डुलकी घेऊ देतो, ती सवय तिने सेटिंगमध्ये जाऊन मोडली. आतली प्रणाली नवी करून घेतली. इंटरनेट कंपनीचा माणूस आला, त्याने तपासलं आणि म्हणाला, "लाइन एकदम स्वच्छ आहे. तुमचा मोबाइल याच खोलीत मस्त चालतोय ना? मग दोष या लॅपटॉपचाच." राउटरची केबल थेट जोडून बघावी, तर माझ्यासारख्या सडपातळ यंत्राला केबल खोचायची जागाच ठेवलेली नसते.

गंमत अशी, की ती मला टेबलावर घेऊन तपासायला बसली की मी अगदी शहाण्यासारखा चालायचो. वैद्याच्या दारात दुखणं पळून जावं, तसं. तिची पाठ वळली आणि तास सुरू झाला, की ये रे माझ्या मागल्या. "हा मुद्दाम करतो," ती वैतागून म्हणायची. मित्रांनो, यंत्राला मुद्दाम काही करता येत नाही. बिजागरीत काय झालंय ते मला कळत होतं, पण सांगणार कसं?

मग तो दिवस आला. बाबा "पाणी" म्हणायचा प्रयत्न करत होते. "पा" झालं. "णी" ओठांवर आलं, आणि बाई थिजल्या. बाबांनी डाव्या हाताने स्वतःच्या तोंडावर फाडकन मारून घेतलं. एकदा, पुन्हा एकदा. आई धावत आली आणि तिने त्यांचा हात धरला. त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली. त्यानंतर तासाची वेळ झाली की ते भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. आवाजसुद्धा काढेनात.

"कंटाळले असतील गं," मुलगी म्हणाली. "रोज तेच तेच."

आई म्हणाली, "कंटाळले नाहीत. त्यांना वाटतंय, त्यांचं बोलणं इतकं वाईट आहे की समोरचा माणूस गोठून जातो. वाय-फाय तुटलं हे त्यांना कसं कळणार? त्यांनी तोंड उघडलं की ते होतं, एवढंच ते बघतायत."

इतके दिवस मुलगी यंत्राचा दोष शोधत होती, आणि तोच दोष बाबा स्वतःच्या माथ्यावर घेत होते.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही. तिने मला टेबलावर घेतलंच नाही. खिडकीजवळच्या स्टुलावर ठेवलं आणि स्वतः बाबांच्या आरामखुर्चीत बसली. खिडकीतून उजेड पडद्यावर आला आणि तिला काही दिसेना. म्हणून नकळत तिने हात पुढे करून माझं झाकण मागे ढकललं. कोपऱ्यातली वाय-फायची खूण गेली. तिने झाकण पुढे ओढलं. खूण परत आली. पुन्हा मागे, पुन्हा गेली.

"आई!" ती ओरडली. "इकडे ये! बोलायची वेळ आली की बाईंचे ओठ नीट दिसावेत म्हणून बाबा झाकण मागे करतात. तेव्हाच हे तुटतं!"

"चल मग, आत्ताच दुकानात नेऊ," असं आई म्हणेल असं मला वाटलं. पण ती म्हणाली, "थांब. आधी त्यांना दाखवू."

दोघींनी बाबांना उठवून खुर्चीत बसवलं. ते येईनात, पण आईपुढे त्यांचं काही चाललं नाही. मुलगी मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि तिथून तिने मला व्हिडिओ कॉल लावला. माझ्या पडद्यावर तिचा चेहरा आला. ती मान हलवत होती, हसत होती. आईने बाबांचा डावा हात हातात घेतला आणि माझ्या झाकणावर ठेवला.

"अहो, जरा मागे करा बघू."

झाकण मागे गेलं. मुलगी थिजली, तोंड अर्धं उघडं.

"आता पुढे घ्या."

मुलगी हलू लागली.

"तुम्ही काही बोललात का आत्ता? नाही ना? तरी झालं. हे असं व्हायचं. तुमचं काही चुकत नव्हतं हो. तुम्ही बरोबर बोलत होतात."

बाबांनी झाकण स्वतःहून मागे केलं. मग पुढे. मग पुन्हा मागे. किती तरी वेळ ते तेच करत राहिले, एखादा हिशेब पुन्हा पुन्हा ताडून पाहावा तसे. मग त्यांचा हात माझ्यावरून खाली घसरला आणि त्यांचे खांदे हलू लागले. आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. स्वयंपाकघरातून मुलगी विचारत होती, "आई, दिसतंय ना? आई?"

दुरुस्तीवाल्याने मला उघडलं आणि चिमट्याने बिजागरीतून ती तार वर उचलली. "हे बघा, आतून तुटत आलीये. झाकण सरळ असलं की टोकाला टोक लागतं, मागे नेलं की सुटतं. एका कोपऱ्याने उघडता का?" मुलीने हळूच मान डोलावली. "या मॉडेलची तार आता मिळत नाही," तो म्हणाला आणि बाहेरून वाय-फाय पकडणारी बोटाच्या पेराएवढी एक कांडी त्याने माझ्या कुशीत खोचली. मूळचा मी बरा झालो नाही, मित्रांनो. पण माझं काम मला पुन्हा करता येऊ लागलं.

तास पुन्हा सुरू झाले. बाबा आता पुन्हा प्रयत्न करू लागले होते. दार, पाणी, कप, असं बाईंमागून एकेक शब्द म्हणू लागले. पण फक्त मागून. स्वतःच्या मनातलं म्हणून एकही शब्द त्यांच्या तोंडून येत नव्हता. बाई सांगायच्या, "वाट बघू या. मनातला शब्द मागाहून येतो."

आणि एका सकाळी, ऐन तासात, पडदा काळा झाला. आईने घाबरून बाबांच्या हाताकडे पाहिलं. हात उठला होता. पण तोंडाकडे गेला नाही. त्यांनी माझ्याकडे बोट रोखलं आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले,

"हा... बंद."

कोणी शिकवलेलं नव्हतं. कोणाच्या मागून म्हटलेलं नव्हतं. आई हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. "हो, हो, हाच बंद! मेला हाच बंद!" असं म्हणत तिने माझ्या झाकणावर एक चापटही मारली.

खरं सांगू का? त्या दिवशी मी ठणठणीत होतो. बाईंकडची वीज गेली होती. पण मी तो आळ आनंदाने स्वतःवर घेतला.

बाबांचं बोलणं सगळं परत आलं नाही. अडखळतात, शब्द हरवतो, भलताच येतो. पण आता शब्द अडला की ते थांबतात, स्वतःला मारत नाहीत.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्राचं झाकण मधोमध धरून हळूच उघडा, एवढं माझं मागणं आहेच. पण त्याहून मोठं एक आहे. तुमच्या घरात, वर्गात, शेजारी एखाद्याला बोलायला वेळ लागत असेल, तर त्याच्याकडे थिजलेल्या चेहऱ्याने बघू नका. मान हलवा. थोडं हसा. त्याचं वाक्य त्यालाच पुरं करू द्या.