नथ्थूची काळी पिशवी

बावन्न वर्षांत सुगतरावांनी तो शब्द एकदाही तोंडातून काढला नव्हता. टीव्हीवर पॅडवर निळं पाणी ओतायची जाहिरात लागली, की हे घाईघाईने बातम्या लावत. आज मात्र बायको ममताबाई बहिणीच्या बाळंतपणाला नागपूरला, लेक एकताचा दहा वाजता राइट टाउनच्या केंद्रावर बारावीचा पेपर, आणि पाळी नेमकी सकाळीच आलेली. कपाटात एकही पॅड शिल्लक नव्हता.

"पप्पा, घेऊन या ना. मी अशी कशी जाऊ?" एकता रडकुंडीला आली होती.

त्यांच्या अधारताल वस्तीतल्या नथ्थू मेडिकलवाल्याची एक रीत होती. लाजणाऱ्या गिऱ्हाइकाला तो बोलूच देत नसे. चेहऱ्यावरून ओळखायचा, वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळायचा आणि काळ्या पिशवीत घालून द्यायचा. या कलेचा त्याला भारी अभिमान.

"भैया, वो... घर में जरूरत है," सुगतराव काउंटरवरच्या गोळ्यांच्या बरणीकडे बघत पुटपुटले.

"समझ गया, बाबूजी."

घरी एकताने कागद सोडला आणि बापाकडे पाहतच राहिली.

"पप्पा, ही प्रेग्नन्सी टेस्ट आहे. कोणासाठी?"

सव्वानऊ वाजले होते. सुगतरावांनी स्कूटर पुन्हा पिटाळली. दुकानात आता शेजारच्या चंपाबाई उभ्या, आणि त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही हे साऱ्या गल्लीला ठाऊक.

"क्या हुआ बाबूजी, मुबारक हो?" नथ्थूने हसून विचारलं.

चंपाबाईंनी कान टवकारले. धरणीने पोटात घ्यावं असं सुगतरावांना झालं. पण दाराशी ताटकळलेली पोर आठवली, आणि म्हटलं, लाज गेली चुलीत.

"पॅड दो, नथ्थू. सॅनिटरी पॅड. मेरी बेटी को चाहिए, दस बजे उसका पेपर है."

नथ्थू सवयीने वर्तमानपत्र शोधू लागला. सुगतरावांनी त्याच्या हातातलं पॅडचं पाकीट हिसकावलं आणि तसंच उघडं हातात धरून निघाले.

एकता पाच मिनिटं आधी वर्गात पोचली. फाटकाबाहेर पालकांच्या गर्दीत उभ्या सुगतरावांना स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. तेवढ्यात नागपूरहून फोन आला.

"काहो," ममताबाई म्हणाल्या, "चंपाबाई सांगून राहिल्या का मले दिवस गेले. मलेच काहून नाही सांगितलं?"

दुकानात 'मुबारक' आणि पॅड अशा दोन्ही बातम्या ऐकून चंपाबाईंनी चविष्ट तेवढी उचलली होती. सुगतरावांनी घसा खाकरला आणि शंभर पालकांच्या देखत, खणखणीत आवाजात, बायकोला पॅडपासून सगळं सांगायला घेतलं.