तीनशे दहा, पण कशाचे?

मी वही बोलतेय. जाड पुठ्ठ्याची, दोनशे पानांची, अंगाला ग्रीसचा वास कायमचा चिकटलेली. ट्रक दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपात, खिडकीशेजारच्या खिळ्याला सुतळीनं बांधलेली.

मला आणलं दादानं, म्हणजे वर्कशॉपच्या मालकानं. ट्रकचा कुठला नट किती जोरानं आवळायचा, याचा अंक ठरलेला असतो. कमी आवळला तर तो सैल पडतो, जास्त आवळला तर बोल्ट ताणून कामातून जातो. हे अंक कंपनीच्या पुस्तकात असतात आणि ते पुस्तक नेमकं हवं तेव्हा सापडत नाही. म्हणून दादा कुठूनकुठून अंक मिळवून माझ्यात उतरवून ठेवायचा. अक्षर असं, की कोंबडीनंही लाजावं. पण अंक मात्र दोनदा ताडून बघायचा.

वहिनीनं मला रेक्झिनचं कव्हर शिवलं. "यांचे हात कधी कोरडे असतात का? आठ दिवसांत चिंध्या होतील वहीच्या!" मी आज एकसंध आहे ती तिच्यामुळे.

पुढे दादाचा खांदा धरला. जड पाना उचलवेना. मग त्याची बहीण पुढे झाली. तिला सगळे धाकटी म्हणतात. तिचा हात दादाच्याच तालमीत तयार झालेला. जुना टॉर्क पाना, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणारा पाना, तोही थकला होता; दादानं नवा आणला. धाकटी मला उघडायची, अंक बघायची, नव्या पान्यावर तो लावायची आणि 'कट' असा आवाज येईपर्यंत नट आवळायची. दिवस मजेत चालले होते.

एके दिवशी सकाळी एक ट्रक ओढून आणला. आमचं नेहमीचं गिऱ्हाईक असलेल्या काकांचा. तीनच आठवड्यांपूर्वी धाकटीनं त्याच्या पुढच्या चाकांवरचे, धक्के झेलणारे पोलादी पाटे बदलले होते. पाटे एक्सलला, म्हणजे चाकांच्या आसाला, धरून ठेवतात ते यू-बोल्ट. त्यांचे नट ढिले पडले होते, पाट्यांच्या मधला बोल्ट तुटला होता आणि डावीकडे एक्सल चार बोटं मागे सरकला होता.

काका शांतपणे म्हणाले, "वळणावर स्टिअरिंग एकदम डावीकडं ओढलं. चढ होता म्हणून वेग नव्हता. शेजारी बायको बसली होती."

दादा बहिणीवर कडाडला. "लक्ष कुठं होतं तुझं? नट आवळलेसच नाहीत तू!"

"वहीत तीनशे दहा लिहिलंय, मी तीनशे दहावरच आवळले. सगळे. दोनदा."

"मग अंक काय खोटा आहे? मी स्वतः लिहिलाय!"

मी खिळ्यावर लटकून सगळं ऐकत होते. माझ्या पोटातला अंक, आणि मला तोंड नाही. एरवी त्याचं दुःख होत नाही, त्या दिवशी झालं.

धाकटी रडली नाही. तिनं त्या ट्रकच्या पट्टीवरचा चासी नंबर उतरवला, एक्सलवर ठोकलेला नंबर चिंधीनं पुसून वाचला आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावला. तिथल्या बाईंनी त्याच ट्रकचं, त्याच एक्सलचं पान पाठवलं. धाकटीनं ते मोठ्यानं वाचलं. "चारशे वीस न्यूटन मीटर." मग पुढच्या कंसातलं, "म्हणजेच तीनशे दहा फूट-पौंड."

दादा उठला. कोपऱ्यातला जुना पाना त्यानं उजेडात धरला. त्यावर कोरलं होतं, फूट-पौंड. नव्यावर न्यूटन मीटर. म्हणजे नव्यावर तीनशे दहा लावले की जोर एकशे दहानं कमी पडत होता. अंक खरा होता, पण कशाचा ते माझ्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. पाना एकच होता, तेव्हा लिहायची गरज कुणाला वाटली?

दादा तसाच काकांपुढे जाऊन उभा राहिला. "काका, चूक माझी. हिची नाही. आकडा लिहिला, माप लिहिलं नाही."

काका वाकून सरकलेला एक्सल बघून आले. म्हणाले, "नवे बोल्ट टाक. आणि या खेपेला मी समोर उभा राहतो."

धाकटीचा चेहरा मात्र उतरला. "दादा, नव्या पान्यानं आपण आणखी दोन ट्रक केलेत."

दुधाचा टँकर जवळच होता, तो लगेच आला. फरश्या वाहणारा ट्रक घाटाच्या वाटेवर होता आणि त्याचा ड्रायव्हर फोन उचलेना. दादा लावतोय, धाकटी लावतेय. शेवटी वहिनीनं कुठून तरी त्याच्या मेहुण्याचा नंबर शोधला आणि त्या मेहुण्यानं क्लीनरला गाठलं. ट्रक घाटाच्या तोंडाशी पेट्रोल पंपावर उभा होता.

"आहेस तिथंच थांब," दादा फोनवर ओरडला. "एक इंचही पुढं जाऊ नकोस!"

धाकटी पाना घेऊन स्वतः गेली. संध्याकाळी परतली तेव्हा एवढंच म्हणाली, "सगळे नट अर्धा-अर्धा फेरा फिरले." दादानं तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. "तुला उगाच बोललो गं." ती म्हणाली, "आधी वही काढ."

चार दिवस दोघं मला घेऊन बसले. दादा जुनं सांगायचा, धाकटी कंपनीच्या पानाशी ताडायची. कुठला ट्रक, कुठला एक्सल, बोल्ट केवढा, आटे कोरडे की तेल लावलेले, आणि प्रत्येक अंकापुढे माप. अकरा अंक तर खोटेच निघाले. त्यांच्यावर तिनं लाल रेघ मारली. अंगावर एवढ्या रेघा असूनही इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

आता माझी पानं संपत आली आहेत. परवा शेजारच्या वर्कशॉपचा मिस्त्री आला. "ताई, पुढच्या यू-बोल्टचा आकडा सांगा पटकन. वहीत आहे म्हणे."

"ट्रक कुठला?"

"पांढरा."

"रंग द्यायचाय का त्याला? चासी नंबर घेऊन या."

तो कुरकुरत गेला आणि नंबर घेऊन आला. धाकटीनं आधी कंपनीचं पान उघडलं, मग मला. दोन्हीकडे बोट ठेवून अंक जुळवला आणि मगच त्याला सांगितला.

ती माझ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. चुकलेल्या वहीला फाडून न टाकता तिनं दुरुस्त केलं आणि अजूनही रोज तपासते. एखाद्या वहीवर याहून मोठे उपकार कुणी केले असतील, असं मला वाटत नाही.