एका नंबरावर दोन मुली

लग्न जुळवणाऱ्या कंपनीची वेबसाइट फ्रेमवर्कच्या तयार सांगाड्यावर बनवताना एका तरुण प्रोग्रॅमरने प्रत्येक नोंदीची ओळख, म्हणजे प्रायमरी की, मोबाइल नंबरावर ठेवली.

"फ्रेमवर्क आपणहून प्रत्येकाला वेगळा क्रमांक देतं, तोच राहू दे ना," शेजारी बसणारी अनुभवी सहकारी म्हणाली.

"ताई, आजकाल ज्याचा त्याचा फोन असतो," म्हणत त्याने तिला उडवून लावलं.

पुढे एका गृहस्थांनी आधी थोरल्या मुलीची माहिती भरली, मग काही महिन्यांनी धाकटीची, आणि दोन्हीकडे नंबर दिला स्वतःचाच. धाकटीची नोंद थोरलीच्या डोक्यावर जाऊन बसली आणि थोरली गायब झाली. गृहस्थांनी मदतीच्या फोनवर त्याची यथेच्छ खरडपट्टी काढली. तो खाली मान घालून दुरुस्तीला बसतो न बसतो, तोच पुन्हा फोन वाजला.

"मी ती गायब झालेली थोरली. दुरुस्त नका करू हो! कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच या आठवड्यात मला कुणी बघायला आलेलं नाही. घरात कशी शांतता आहे!"

त्याच्या कामाचं इतकं मनापासून कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं. पण चूक ती चूकच. त्याने निमूटपणे फ्रेमवर्कचे क्रमांक लावले, थोरलीला बॅकअपमधून परत आणलं आणि तिला तसं कळवलं.

"मग नोंद काढून टाकायचं बटण कुठे आहे, ते तरी सांगा," ती सुस्कारा टाकून म्हणाली.

तसलं बटणच नव्हतं. एकदा आलेलं स्थळ हातचं जाता कामा नये, असा मालकांचा हुकूम होता.

"उद्यापर्यंत करून देतो," तो हळूच म्हणाला, आणि मालकांना विचारायचं मात्र सोयीस्करपणे विसरला.