परत पाठवलेला बाजा

बँडवाले लक्ष्मी गेटच्या अरुंद गल्लीत शिरले तेव्हा अनुसूयाबाईंना न्यायची तयारी चालली होती. कपाळाला बुक्का लावलेला, ओठांवर तुळशीचं पान, आणि चेहरा असा, की आत्ता कुणीतरी काहीतरी गमतीचं सांगितलं आणि हसू यायचं तेवढं राहिलं.

बँड बोलावला होता शेजारच्या चंपाभाभींनी. झाशीत म्हातारं माणूस पणतवंडांचं तोंड बघून गेलं, तर त्याची तिरडी तिरडी राहत नाही, तिचं विमान होतं. चमकीचा कागद, फुगे, झेंडूच्या माळा आणि पुढे बाजा. भरलं आयुष्य देवाकडे वाजतगाजत पोचवायचं, अशी इकडची रीत.

अनुसूयाबाईंचा मुलगा वामन दारात आला. सहासष्ट वर्षांचा माणूस, डोळे सुजलेले.

“भाभी, हमारे यहाँ यह नहीं होता.”

“भैयाजी, अम्मा खुद कह गई हैं. हमसे भी कहा, आपसे भी कहा होगा.”

म्हटलं होतं. एकदा नाही, किती वेळा. गल्लीतून विमान निघालं की आई हातातलं काम टाकून खिडकीत जायची. “वामन्या, माझ्या वेळी लाल कोटवाले आण बरं का. ते पिवळे बेसुरे वाजवतात.” वामन हसायचा. पण आई ते गमतीत म्हणत नव्हती, हे त्याला ठाऊक होतं.

ओट्यावर नानासाहेब बसले होते. मराठी समाजातले सगळ्यांत वडील. ते हळू आवाजात म्हणाले, “वामनराव, अडीचशे वर्षं झाली आपल्याला इकडे येऊन. आपलं म्हणून उरलंय काय? चार रीती. त्याही सोडायच्या?”

वामनची बहीण लीला जवळच्या बबिन्याहून आली होती. तिने भावाकडे बघितलं. “दादा, आईचं काय म्हणणं होतं ते तुला माहीत आहे.”

“लोक काय म्हणतील, लीले?”

“कुठले लोक? हे की ते?”

वामनने बँडच्या मास्टरांना हात जोडले. मास्टरांनी क्लॅरिनेट काखेत धरलं, मृताला नमस्कार केला आणि माणसं मागे फिरवली. लाल कोट एकेक करून गल्लीच्या वळणाआड गेले.

मग आई निघाली. गल्ली चिडीचूप होती. कुणाच्या घरात कुकरची शिट्टी, कुणाकडे टीव्ही. बाजा वाजला असता तर दारं उघडली असती. कोपऱ्यावरचा पानवाला काताची डबी पुसत होता. तिरडी अगदी समोर आल्यावर त्याने बघितलं, आणि तो फडकं हातात घेऊन तसाच उभा राहिला. “अम्मा?” तो म्हणाला. कुणी थांबलं नाही.

त्यानंतर माणसं येत राहिली, आणि प्रत्येकाचं पहिलं वाक्य तेच. “हमें तो पता ही नहीं चला.” वामनला ते काट्यासारखं रुतायचं. मग बसल्या बसल्या ते आईच्या गोष्टी सांगू लागत, आणि सुतकाच्या घरात हसू फुटे.

एकजण म्हणाला, एका आजोबांच्या विमानापुढे बँड रेंगाळत होता, तर अम्मा खिडकीतून ओरडल्या, “भैया, ज़रा तेज़ बजाओ, बाबा को देर हो रही है.” चंपाभाभींनी सांगितलं, त्यांच्या मुलांना गोवर आला तेव्हा अम्मा दोन चमचे घेऊन चिपळ्यांसारखे वाजवत अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत कीर्तन करायच्या, आणि पोरं ताप विसरून नाचायची. नानासाहेबांनाही राहवलं नाही. राममंदिरातलं कीर्तन लांबलं, मंडळी पेंगली, तेव्हा पहिल्या रांगेतून अनुसूयाबाई म्हणाल्या होत्या, “बुवा, सीता अजून अशोकवनातच आहे हो. तिला घरी आणा आधी, मग आमचं बघा.” बुवांना पुढची ओवी म्हणता येईना, इतके ते हसले.

वामनला मात्र तिची टाळी आठवत होती. गजर संपला, सगळ्यांचे हात थांबले, की मागून आईची एक टाळी यायचीच. जास्तीची. लहानपणी तो लाजायचा. आई म्हणायची, “देवाला एक वर दिली तर काय बिघडलं रे?”

आपण तिला एक वर द्यायची तर बाजूलाच राहिली. तिने मागितला होता तो बाजाही दिला नाही.

तिसऱ्या दिवशी अस्थी, इकडच्या भाषेत ‘फूल’, गोळा केल्या. घरात आणायच्या नाहीत, म्हणून मडकं गल्लीच्या तोंडाशी पिंपळाला बांधलं. सकाळी ओरछ्याला जाऊन बेतवा नदीत सोडायचं ठरलं. त्या संध्याकाळी वामन कुणाला न सांगता सीपरी बाजारात बँडच्या दुकानात गेला.

मास्टर क्लॅरिनेट पुसत होते.

“कल सुबह आइए,” वामन म्हणाला. “अस्थियाँ ले जानी हैं. जितनी दूर गली है, उतनी दूर.”

मास्टरांनी वाद्य मांडीवर ठेवलं. “बाबूजी, फूलों के आगे बाजा नहीं बजता. बाजा विमान के आगे बजता है. वो घड़ी निकल गई.”

“मैंने ही लौटाया था.”

“हाँ,” मास्टर म्हणाले. त्यात राग नव्हता. राग असता तर वामनला बरं वाटलं असतं.

सकाळी त्याने पिंपळावरून मडकं सोडवलं. ऑटो गल्लीच्या याच टोकाला उभी होती. लीला बसायला निघाली, तर वामन उलटा गल्लीत वळला.

“दादा, इकडे.”

“आधी गल्ली,” तो म्हणाला, आणि भसाड्या आवाजात त्याने नामाचा गजर सुरू केला.

नानासाहेब ओट्यावरून उठले. “वामनराव, सुतकात गाणं?”

“गाणं नाही, नानासाहेब. नाम आहे. नामाला सुतक नसतं, हे तुम्हीच मला मंदिरात सांगितलंत.”

थोड्या वेळाने नानासाहेबही मागून चालू लागले.

दोन्ही हातांत मडकं, त्यामुळे वामनला टाळी वाजवता येईना. ताल सुटत होता, सूर तर नव्हताच. दारं उघडली. पानवाल्याने दुकान सोडलं आणि तो डोकं झाकून उभा राहिला. मग वामनच्या पाठीमागे कुणीतरी टाळी धरली. चंपाभाभी होत्या. गजराचे शब्द त्यांना येत नव्हते, पण ठेका येत होता. त्यांच्यामागून आणखी हात आले.

गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन मिरवणूक परत पिंपळाशी आली. वामन थांबला, तसे सगळे हात थांबले. त्याने कान दिला. मागून काहीही आलं नाही. लांब रस्त्यावर एक स्कूटर सुरू झाली, एवढंच.

ऑटो ओरछ्याच्या वाटेला लागली. मडकं वामनच्या मांडीवर होतं, दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं.

“बरं वाटतंय का रे आता?” लीलाने विचारलं.

“नाही,” वामन म्हणाला. “पण गल्लीला कळलं.”