ताई गोड बोलली तर

ताई कुणाला तरी टाकून बोलत असली की घरातले सगळे निवांत असत. ती गोड बोलू लागली की धावपळ सुरू व्हायची.

लहानपणीच तिला मधुमेह झाला, रोज इन्सुलिन टोचून घ्यावं लागणारा. साखर एकदम उतरली की माणसं घामाघूम होतात, बरळतात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ताई सभ्य व्हायची. एकदा जेवताना ती धाकट्या भावाला म्हणाली, "तू घे ना आधी, मला काही घाई नाही." आईने हातातलं पातेलं तिथेच टाकलं आणि साखरेचा डबा घेऊन धावली.

तेव्हापासून प्रत्येक सहलीत ताई पायथ्याशी. "तू बस इथे, बॅगा सांभाळ," असं सगळे अगदी मायेने म्हणत. इतक्या वर्षांत एकही बॅग हरवली नाही, एवढंच तिचं गिर्यारोहण. आता ती दातांच्या कवळ्या बनवायची, स्वतःच्या पायांवर उभी होती, आणि ते पाय तिला बर्फातल्या खिंडीपर्यंत न्यायचे होते. बॅगांसकट.

सोबत धाकटा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. माणसाने पायी वर जावं, हेच त्याच्या धंद्याला धरून नव्हतं. शिवाय थंडीत इन्सुलिन गोठतं आणि साखर मोजायचं यंत्र संप करतं, म्हणून एका काखेत इन्सुलिन, दुसऱ्या काखेत यंत्र. चालताना तो अंडी उबवायला जागा शोधणाऱ्या कोंबडीसारखा दिसत होता.

शेवटच्या मुक्कामाच्या खोलीत, ओल्या मोज्यांच्या दोरीखाली, वाटाड्यासमोर करार झाला होता. ताई गोड बोलली की परत फिरायचं. निर्णय धाकट्याचा.

"ह्याचा निर्णय?" ताई बूट बांधत म्हणाली. "ह्याची अक्कलदाढ मी पाहिलीय. शोभेची आहे."

"तब्येत उत्तम," धाकट्याने वाटाड्याला सांगितलं. वाटाड्या दाराशी जाऊन उभा राहिला. भावाबहिणीच्या भांडणात पडायचं नाही, हे तो डोंगराबाहेर शिकला होता.

चढ सुरू झाला. ताईने धाकट्याच्या चालीवर, घोरण्यावर आणि होणाऱ्या बायकोच्या नशिबावर एकेक शेरा मारला. सगळे ताजे. धाकट्याचा जीव भांड्यात पडत होता. मग वाट अरुंद झाली, एका बाजूला नुसती दरी, आणि मागून आवाज आला, "चल ना, गाढवा."

धाकटा थांबला. गाढवा?

आयुष्यात ताईने त्याला असली तयार शिवी दिली नव्हती. ती शिव्याही कवळ्यांसारख्या मापाने बनवायची.

"ताई, यंत्र लावू."

"मी ठीक आहे. गाढवा."

तो वाटेतच बसला. दरी आणि कडा यांच्यामध्ये तो असा काही फिट बसला, की ओलांडायचं तर त्याच्या डोक्यावर पाय द्यावा लागला असता. एरवी तिने तो आनंदाने दिला असता. आता ती नुसती उभी होती. ओठ पांढरे पडलेले.

"ऐक ना रे," ती म्हणाली. "तुझे फार उपकार आहेत माझ्यावर."

धाकट्याने तिला ओढून कड्याला टेकवलं आणि ग्लुकोजच्या गोळ्या तिच्या तोंडात कोंबल्या. काखेतलं यंत्र काढलं. आकडा चांगलाच खाली होता.

"लपवलंस," तो म्हणाला. "मुद्दाम शिव्या देत होतीस."

"सुचत नव्हत्या रे. गाढवच आठवलं." तिने डोळे पुसले. "मला पुन्हा खाली बसवू नकोस."

वाटाड्याने आभाळाकडे बघितलं. "करार झालाय. परत."

धाकट्याच्या ओठांवर 'हो' आलं होतं. ते म्हणणं सोपं होतं, सगळे आजवर तेच म्हणत आले होते. तो स्वतःही त्यांच्यातलाच. तिच्या मांडीवर बॅग टाकून सगळ्यात आधी तोच पळायचा.

"थोडं थांबू," तो म्हणाला. "साखर चढली तर जाऊ, नाहीतर मी तिला पाठीवर घालून खाली नेतो."

"कड्याची सावली ह्या दगडाला लागेपर्यंत," वाटाड्या म्हणाला. "मग वर वारा सुटतो. तो कुणाचं ऐकत नाही."

ताईने बिस्किटं खाल्ली. अख्खा पुडा, कुणाला न विचारता. हे लक्षण बरं होतं. सावली सरकत होती. दगडापासून हातभर उरली तेव्हा धाकट्याने पुन्हा बोट टोचलं. आकडा वर आला होता.

"यंत्र हो म्हणतंय," तो म्हणाला. "आता तू बोल. आणि पुन्हा काही वाटलं तर लपवायचं नाही. कबूल?"

"कबूल." ताईने त्याला नीट न्याहाळलं. घामेजलेला चेहरा, नाकावरचा बर्फ, पसरलेले दोन्ही पंख. "तुझं तोंड असं आहे ना, की लिफ्टमधला आरसासुद्धा म्हणेल, तुम्ही व्हा पुढे, मी जिन्याने येतो."

वाटाड्या आधी हसला, मग उठला. "चला."

खिंडीत पोचल्यावर धाकटा सपशेल आडवा झाला. बाजूला आणखी वर एक छोटं टोक होतं, बर्फाने माखलेलं. वाटाड्याने तिकडे हात केला. ताईने यंत्र मागून बोट टोचलं, आकडा मोठ्याने वाचला, इन्सुलिन धाकट्याच्याच काखेत राहू दिलं आणि ग्लुकोजच्या गोळ्या स्वतःच्या खिशात टाकल्या. मग आपली बॅग काढून धाकट्याच्या पोटावर ठेवली.

"तू बस इथे," ती म्हणाली. "बॅगा सांभाळ."

आणि वाटाड्याच्या मागोमाग वर गेली.