वाकडा भांग

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला एकदा संशय घ्यायची सवय लागली की ती सुटत नाही. लिफ्ट वर जाताना जरा जास्त कण्हली, दार लागताना नेहमीपेक्षा उशिरा वाजलं, की त्याचे कान टवकारतात. काहीतरी बदललंय आणि कुणी सांगत नाहीये, असं त्याला वाटू लागतं. टिकलीच्या बापाला संध्याकाळी हत्यारांच्या पेटीबरोबर ही सवयही दाराशी ठेवता आली असती तर सगळ्यांनाच बरं झालं असतं. पण पेटी दाराशी राहायची आणि सवय घरात यायची.

त्या दुपारी टिकली शाळेच्या फाटकातून बाहेर आली आणि त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. सकाळी त्यानं घातलेल्या वेण्या ह्या नव्हत्याच. त्याच्या हातची वेणी तो शंभर वेण्यांत ओळखू शकला असता, आणि त्यात अभिमान वाटावा असं काही नव्हतं. एक जाड, एक बारीक. भांग कपाळावरून सरळ निघायचा आणि मध्येच डाव्या कानाकडे फिरायला जायचा. आता मात्र भांग पट्टीनं आखल्यासारखा होता. दोन्ही वेण्या सारख्या, घट्ट, एकही केस बाहेर नाही.

"वेण्या कुणी घातल्या?" त्यानं गाडी सुरू करता करता विचारलं.

"तूच."

"ह्या?"

"सैल झाल्या होत्या."

"मग?"

"मग घट्ट झाल्या," टिकली म्हणाली आणि खिडकीची काच खाली करून बाहेर बघत बसली. तिसरीतली पोर, पण ताकास तूर लागू देईल तर शपथ.

दुसऱ्या दिवशी तेच. पुढच्या आठवड्यातही तेच. सकाळी वाकडा भांग जायचा आणि दुपारी सरळ होऊन यायचा.

आता एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलास, असं कुणीही म्हटलं असतं. पण त्याला भीती होती आणि ती उगाच नव्हती. टिकलीची आई नोकरीच्या प्रशिक्षणासाठी दूरच्या शहरात गेली होती, ती उन्हाळ्यात परतणार होती. तोवर पोरगी कुणाकडे राहणार यावर घरात बरंच रामायण झालं होतं. टिकलीच्या आजीचं, म्हणजे त्याच्या सासूबाईंचं म्हणणं होतं की मुलगी त्यांच्याकडे यावी. त्यांच्या घरासमोरच शाळा होती. यानं मात्र छाती काढून सांगितलं होतं, "मी सांभाळीन." सासूबाईंनी मान डोलावली होती ती अशी, की त्यापेक्षा 'नाही' म्हटलेलं परवडलं असतं. "शाळेचं वसंत सत्र सुरू झालं की एक चक्कर टाकीन," त्या म्हणाल्या होत्या. "मुलीचं ठीक दिसलं नाही, तर तेव्हाच घेऊन येईन." बायकोनंही फोनवर हळूच 'बरं' म्हटलं होतं. ते 'बरं' त्याच्या छातीत अजून रुतून बसलं होतं.

सत्राच्या सुरुवातीला शाळेनं पालकांची सभा घेतली होती. आता दिवस मोठे होतील, वर्गशिक्षिका सांगत होत्या, उजेड असला की मुलं झोपायला कुरकुर करतात, तर झोपेची वेळ मोडू देऊ नका. सकाळी खाल्ल्याशिवाय पाठवू नका. आणि दिवसातला थोडा तरी वेळ फक्त मुलाचा ठेवा. हे शेवटचं त्याच्या कानावर पडलंच नाही, कारण तेव्हा तो बाहेर पडवीत उभा राहून एका गिऱ्हाइकाला समजावत होता की दाराला लाथ मारून लिफ्ट चालू होत नसते. त्याचा फोन असा दिवसभर वाजायचा. पोटच फोनवर चालत होतं, करणार काय?

सभा संपल्यावर आजारी मुलांच्या खोलीतल्या नर्सबाई त्याच्याजवळ आल्या. "टिकलीचे बाबा ना तुम्ही? तिच्या आजीला ओळखते मी. आम्ही एकाच गल्लीतल्या."

तेव्हा तो नुसता हसला होता. आता वेण्यांचं प्रकरण सुरू झाल्यावर त्याला ते बोलणं आठवलं आणि धागे आपोआप जुळत गेले. त्यातच परवा सासूबाईंनी फोनवर विचारलं, "बाकी ठीक. केसांचं कसं काय चाललंय?" जेवणाचं नाही, अभ्यासाचं नाही, नेमकं केसांचंच! पाणी कुठं मुरतंय ते त्याला कळून चुकलं. नर्सबाई रोज पोरीच्या वेण्या सोडून पुन्हा घालतात आणि तिकडे बातमी पोचवतात: बापाला साधा भांग पाडता येत नाही. सासूबाई शुक्रवारी येणार होत्या. त्याआधी हा कट उघडा पाडायचाच, असं त्यानं ठरवलं.

बुधवारी सकाळी त्यानं टिकलीच्या दप्तरातून पाण्याची बाटली गुपचूप काढून ठेवली. मग मधल्या सुट्टीत, चेहऱ्यावर शक्य तेवढी काळजी आणून, बाटली हातात घेऊन तो शाळेत हजर झाला. "विसरली बघा," त्यानं शिपायाला सांगितलं. खोटं बोलताना त्याचे कान लाल व्हायचे, ते झालेच.

नर्सबाईंची खोली बाजूच्या इमारतीत, अगदी टोकाला होती. दार अर्धवट उघडं होतं. तो भिंतीला चिकटून पुढं सरकला आणि त्यानं आत डोकावलं.

नर्सबाई खिडकीशी बसून कापसाचे बोळे करत होत्या. त्यांनी मानही वर केली नव्हती. आणि हात धुवायच्या बेसिनवरच्या आरशासमोर टिकली एकटीच उभी होती. केस मोकळे. एक रबर दातात, एक मनगटावर. तिनं कंगव्याच्या टोकानं एका दमात भांग पाडला, डोक्यामागे हात नेले, आणि तिची बोटं न बघता चालू लागली. तीन पेड एकमेकांवरून सरसर जात होते. बघता बघता वेणी झाली. दुसरीही झाली. तिनं आरशात मान हलवून पाहिली आणि उड्या मारत दुसऱ्या दारानं मैदानात पळाली.

हा तिथंच खिळून उभा राहिला.

"या की आत," नर्सबाई म्हणाल्या. त्यांनी केव्हाच पाहिलं होतं. "रोज येते. मी एकदा म्हटलं, दे मी घालते. हात लावू देत नाही."

"तिला हे कुणी शिकवलं?"

"आजीनं म्हणे. मागच्या सुट्टीत." त्यांनी त्याच्या हाताकडे पाहिलं. "बाटली द्यायची होती ना?"

त्यानं बाटली दिली आणि निघाला. कट वगैरे काही नव्हता, तर सुटका झाल्यासारखं वाटायला हवं होतं. पण मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पोरीला सगळं येत होतं. आणि तरी ती रोज सकाळी त्याच्यासमोर बसायची, त्याच्या जाडजूड बोटांनी केस ओढले की डोळे मिटून घ्यायची, आणि आरशात बघून म्हणायची, "छान झाली." म्हणजे घरातलं लेकरू बापाची कीव करत होतं. आठ वर्षांच्या पोरीला बापाला सांभाळून घ्यावं लागत असेल, तर सासूबाईंचंच खरं. दोन दिवस तो हेच चघळत राहिला. टिकलीला मात्र त्यानं एका शब्दानं विचारलं नाही.

शुक्रवारी सासूबाई सकाळच्या पहिल्याच गाडीनं आल्या, नेमक्या वेणीच्या वेळेला. टिकली केस मोकळे सोडून बुटक्या स्टुलावर बसली होती आणि तो मागे कंगवा घेऊन उभा होता. सासूबाईंनी घरभर नजर फिरवली, पलंगाखालची टिकलीची बॅग ओढून बाहेर घेतली आणि तिच्यावरची धूळ झटकली.

"तुम्ही काही म्हणायच्या आधी मीच सांगतो, आई," तो म्हणाला. "घेऊन जा तिला. तिचं ती सगळं करते. माझ्यावाचून तिचं काही अडत नाही." त्यानं कंगवा टिकलीपुढे धरला. "घे. घाल तुझी तू. मी बघितलंय बुधवारी."

टिकलीनं कंगवा घेतला नाही. तिचा चेहरा पडला, चोरी पकडल्यासारखा.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, मग घरीच घालून जात जा."

"मग जा की! वाकड्या वेण्या माझ्यासाठी कशाला घालून घ्यायच्या? बाबाला वाईट वाटेल म्हणून?"

"नाही," टिकली म्हणाली. ती बोटानं स्टुलाची कड खरवडत होती. "शाळेत मुली हसतात, म्हणून तिथं नीट करते. पण घरी वेणी घालायला मला तूच हवा आहेस."

"का पण?"

"तू बाकी सगळं एका हातानं करतोस. डबा भरतोस तेव्हा फोन कानाला. बूट घालतोस तेव्हा फोन खांद्यात. गाडीत पण फोनच." ती जरा थांबली. "वेणीला दोन्ही हात लागतात. तेव्हा तू माझ्याशी बोलतोस."

इतकी लाज त्याला आयुष्यात वाटली नव्हती, आणि इतका आनंदही झाला नव्हता, आणि दोन्हींचं एकदम काय करायचं ते त्याला कळेना. रोज सकाळी आपण पोरीशी बोलतो, हे त्याला माहीतच नव्हतं. काल ते कशावर बोलले होते? हो, गोगलगायीला गुडघे असतात का, यावर. परवा बाकावरच्या मैत्रिणीनं कट्टी घेतली होती, त्यावर. आपण केसांचा गुंता सोडवतोय एवढंच तो समजत होता.

सासूबाई बॅगेपाशी उभ्या होत्या. त्यांनी नातीकडे पाहिलं. मग पायानंच बॅग पुन्हा पलंगाखाली सरकवली.

तो टिकलीच्या मागे बसला आणि भांग पाडू लागला. कंगवा मध्यावरून निघाला आणि सवयीनं डाव्या कानाकडे वळला. "मग, त्या मैत्रिणीची कट्टी सुटली का?" त्यानं विचारलं. टिकली बोलू लागली.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. तीन पेड दोन्ही हातांत धरून तो फोनकडे बघत राहिला. टिकली बोलायची थांबली, तिची मान आखडली. फोन वाजतच होता. सासूबाई सावकाश टेबलापाशी गेल्या, त्यांनी चष्मा नाकावर नीट केला आणि फोन उचलला.

"हो, त्यांचंच घर. लिफ्टमध्ये कुणी अडकलंय का?" त्यांनी पलीकडचं ऐकून घेतलं. "नाही ना? मग आज जिन्यानं जा. त्यांचे दोन्ही हात गुंतलेत."