एक जूनचे केक

आमच्या सिल्लोडकडच्या गावात सगळी माणसं एक जूनलाच जन्मतात. हसू नका. शाळेत नाव घालायला आलेल्या पोराला गुरुजी डोक्यावरून हात न्यायला लावायचे. पलीकडचा कान बोटाला लागला की पोरगं सहा वर्षांचं झालं, लिही एक जून! मी कडुबा सांडू, असाच जन्मलो, आणि त्याच तारखेवर चितेगावच्या टाक्यांच्या कारखान्यात टाइम ऑफिसला चिकटलो.

दोन हजार सोळाचा दुष्काळ. विहिरी कोरड्या, टँकरपुढं रांगा, आणि शहर मात्र उंडारल्यासारखं वाढत चाललेलं. शहराच्या कडेला बीड बायपासला इमारत आधी उभी राहायची, पाण्याचं नंतर बघू म्हणायची. त्यामुळं आमच्या प्लास्टिकच्या टाक्यांना असा उठाव होता की मान वर करायला फुरसत नव्हती.

अशात कॉम्प्युटरचं काम बघायला चारुता आली. शहरातल्या समर्थनगरची मुलगी, हुशार, आणि सहा महिन्यांच्या बोलीवर. एक जूनला बोली संपणार होती. मॅनेजर तात्यासाहेब त्या दिवशी एकतर तिला कायम करणार, नाहीतर नारळ देणार. घरचे तिला पुण्याला चल म्हणून मागं लागले होते. तिला इथंच राहायचं होतं. डबा खाताना ती मला रोज विचारायची, "काका, सर करतील ना कायम?" मी रोज म्हणायचो, "करतील, न करून सांगतात कुणाला!"

तिचा कॉम्प्युटर म्हणजे नुसता काळा पडदा. माऊसला हात लावायची नाही, सगळं लिहून सांगायची. 'डेट' लिहिलं की आजची तारीख. त्यापुढं इंग्रजीत 'पुढचा शुक्रवार' लिहिलं की पुढचा शुक्रवार हजर. 'कॅल' लिहून साल टाकलं की त्या सालाचं आख्खं कॅलेंडर. मी खुर्ची ओढून बघत बसायचो आणि माझं हजेरीचं काम तसंच पडून राहायचं.

मे महिन्यात तात्यासाहेबांच्या डोक्यात आलं की पुण्याच्या कंपन्यांसारखं आपणही वाढदिवसाला केक आणि अर्धी सुट्टी द्यायची. चारुतानं दोन दिवसांत यंत्र शिकवून टाकलं. रोज सकाळी सहाला ते आपणहून तारीख बघणार, कामगारांच्या जन्मतारखांशी ताडणार, जुळली की त्याच्या मोबाइलवर तात्यासाहेबांच्या नावानं शुभेच्छा, बेकरीला एका केकची ऑर्डर, आणि दुपारी बारानंतर सुट्टी. मे महिन्यात ऑफिसातल्या दोघांना केक मिळाले. सगळं झकास चाललं होतं.

चारुताच्या घरी जन्माची वेळ मिनिटासकट पत्रिकेत लिहिलेली असते. गावंच्या गावं एका दिवशी जन्मतात, हे तिच्या स्वप्नात तरी येणार होतं का? आणि मी शेजारी बसून असूनही मला सुचलं नाही, कारण ती तारीख मला माझा वाढदिवस कधी वाटलीच नव्हती. ती नुसती फॉर्मात भरायची गोष्ट होती.

एक जून उजाडला आणि माझा मोबाइल वाजला. प्रिय कडुबा, वाढदिवसाच्या शुभेच्छा. मी खूश. गेटवर आलो तर सगळेच खूश! कुणी नवा शर्ट घातलेला, कुणी गंध लावलेला. टाक्या घासणारी बानाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती, आणि जो तो दुसऱ्याला मोबाइल दाखवत होता. अकरा वाजता बेकरीचा टेम्पो आला. ड्रायव्हर केक उतरवतोय, उतरवतोय, संपतच नाहीत. टेबलं भरली, मग खिडक्या, मग उलट्या घातलेल्या टाक्या.

बायपासचा ट्रक दारात उभा, आणि बारानंतर भरायला माणूस नाही. तात्यासाहेब धाडधाड जिना उतरले. चारुताच्या तोंडचं पाणी पळालं. ती पुन्हा पुन्हा यंत्राला विचारत होती आणि यंत्र पुन्हा पुन्हा तेच सांगत होतं.

"सर, प्रोग्राम बरोबर आहे. पण एवढे सगळे एकाच दिवशी कसे..."

"मॅडम, आज तुमच्या कागदावर सही करायची होती मला," तात्यासाहेब कडाडले. "केक वाटायला ठेवलं का तुम्हाला?"

मी मधे पडलो. गुरुजी, कान, एक जून, शाळा न पाहिलेल्यांच्या कार्डावरही तीच तारीख, सगळं सांगितलं. चारुता तोंड उघडं टाकून ऐकत राहिली. बानाबाई तिथूनच ओरडली, "सायेब, साठीला आले, पयलाच केक हाय. खाल्ल्याबिगर म्या हलणार नाय!"

"मावशी, कुठला घेऊ तुमचा?" म्हणत चारुता खोक्यांवरची नावं वाचू लागली आणि एका खोक्याशी थबकली. वर लिहिलं होतं, तात्यासाहेब.

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडं वळल्या. दरसाल 'मी वाढदिवस करत नाही' म्हणणारा हा माणूस! कपाळ पुसत तो खुर्चीत बसला आणि बोलला तो आमच्या बोलीत.

"आमचं बी तेच की. मायला खडीच्या कामावर कळा आल्या. बाहत्तरचा दुष्काळ चालू होता. ती सांगायची, झेंडा झाला जानेवारीतला, अन् पुढच्या बाजारी तू झालास. आता बाजारावरून कुठं तारीख कळती व्हय?"

"बाजार कोणत्या वारी?" चारुतानं विचारलं. तिची बोटं आधीच चालू झाली होती.

"सोमवारी."

दुष्काळ बाहत्तरचा, म्हणजे जानेवारीतला झेंडा त्र्याहत्तरचा; काळ्या पडद्यावर जानेवारी त्र्याहत्तर उभा राहिला. सव्वीस तारखेला शुक्रवार. "पुढचा सोमवार एकोणतीस. सर, तुमचा वाढदिवस एकोणतीस जानेवारीला असतो."

तात्यासाहेबांनी ते दोनदा स्वतःशी म्हटलं. मग मोबाइल काढून थोरल्या बहिणीला फोन लावला आणि आख्ख्या कारखान्याला ऐकू जाईल असे ओरडले, "आक्के, मपला वाढदिवस सापडला!"

मग काय विचारता! ट्रक इतक्या झटक्यात भरला की ड्रायव्हरचा चहाही संपला नव्हता. टाक्यांवर क्रीमचे हात उमटले, ते तसेच बायपासला गेले. चारुताच्या टेबलापुढं टँकरला लागते तशी रांग लागली. कुणाला मायनं सांगितलेला बाजार आठवत होता, कुणाला पंधरा ऑगस्ट. बानाबाईला विचारलं, तर म्हणाली, "मेंढरं नदीकाठच्या गंगथडीवून आली त्या सांजंला." चारुता म्हणाली, "मावशी, वार कुठला?" तर ती म्हणते, "मेंढरांला कुठला आलाय वार?" सगळे पोट धरून हसले. शेवटी तिनं पोळ्याचा दिवस मागून घेतला.

संध्याकाळी तात्यासाहेबांनी चारुताच्या कागदावर सही केली. त्याची घडी घालून ती माझ्याकडं वळली.

"काका, तुमची तारीख?"

"मी महिन्याचा असताना माय गेली, पोरी. सांगणारं कुणी राहिलं नाही. राहू दे एक जून."

तिनं माझ्या नावापुढची तारीख तशीच ठेवली.

पुढच्या एक जूनला सकाळी सहाला माझा मोबाइल वाजला. गेटवर कुणाच्याच अंगावर नवा शर्ट नव्हता. अकराला टेम्पो आला आणि ड्रायव्हरनं एकच केक उतरवला. सगळा दिवस माझ्या एकट्याचा, या विचारानं मला भरून आलं. सुरी घेतली आणि वरची अक्षरं वाचली, तर नावं दोन.

"मी पण आजचीच, काका," चारुता म्हणाली. "गेल्या वर्षी याच दिवशी मी इथली झाले."